मांडव उतरल्यावर

अनंत चतुर्दशीची रात्र सरली, की दुसऱ्या दिवसापासून लालबाग-परळ भागात दोन कामे शेजारी शेजारी चालू असलेली दिसतात. एकीकडे मांडवाचे बांबू सुटत असतात. दुसरीकडे दानपेट्यांतील रकमेची मोजदाद आणि भक्तांनी वाहिलेल्या सोन्याचांदीचा लिलाव चाललेला असतो. नोटांच्या राशी, हार, मुकुट, चांदीचे मोदक यांची छायाचित्रे वर्तमानपत्रे छापतात, आम्हीही छापतो, आणि वाचक ती थोड्या भक्तीने व पुष्कळशा कुतूहलाने पाहतात. या मोजदादीविषयी आमची तक्रार नाही. देवापुढे ठेवलेला पैसा चारचौघांत मोजला जातो, बँकेत भरला जातो, हे चांगलेच आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्या वस्तीच्या मधोमध हा पैसा जमतो, त्या वस्तीच्या पदरी त्यातून काय पडते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोणा परक्या पंडिताकडे जाण्याची गरज नाही. ते लालबागच्या गणपतीच्या जन्मकथेतच आहे. १९३२ साली पेरू चाळीजवळचा उघडा बाजार बंद झाला आणि तेथील कोळी बांधव, भाजीवाले व किरकोळ विक्रेते यांची रोजी बुडाली. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला. विभागातील वजनदार माणसांनी धावपळ केली, जागेचे मालक तय्यबअली यांच्याकडून भूखंड मिळाला, आणि १९३४ च्या सप्टेंबर महिन्यात त्या नवसाची फेड म्हणून मूर्ती बसली. मंडळाच्या इतिहासात ही हकीकत अशीच सांगितली जाते. नवस कशासाठी होता, इकडे वाचकांनी लक्ष द्यावे. तो पुत्रप्राप्तीसाठी नव्हता, परीक्षेतील यशासाठी नव्हता, परदेशच्या नोकरीसाठी नव्हता. तो एका बाजारासाठी होता. सबंध वस्तीने आपल्या पोटापाण्यासाठी मिळून केलेला तो नवस एका मुसलमान मालकाच्या जमिनीमुळे फळाला आला. आज त्याच देवापुढे नवसाची जी रांग लागते तिच्यात लक्षावधी माणसे असतात. परंतु त्यातील प्रत्येकाचे मागणे आपापले असते. रांग वाढली, नवस मात्र लहान झाला.

असे का झाले, हे समजण्यासाठी गिरणगावाचे काय झाले ते आठवावे लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. एकेक गिरणी बंद पडली. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीस मोकळ्या केल्या, २००१ च्या दुरुस्तीने त्यातील सार्वजनिक वाटा आकसला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब केले. भोंगा बंद झाला तेव्हा केवळ पगार बंद झाला नाही. गिरणीच्या दारावरची सभा गेली, युनियनची कचेरी गेली, खानावळी ओस पडल्या. कोकणातल्या एकेका गावाने चाळीत घेतलेल्या गावकीच्या खोल्या, जेथे ग्रामदैवताच्या तसबिरीखाली तीसतीस माणसे आळीपाळीने झोपत आणि सुखदुःखाला धावून जात, त्याही पातळ झाल्या. (धोबी तलावच्या गोवेकरांच्या ‘कुडां’ची रीत हीच. गावच्या संताची वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि अल्प भाड्यात एक ट्रंक ठेवण्यापुरती जागा. धर्म हा परक्या शहरात गरिबाच्या पाठीशी कसा उभा राहतो, याचे इतके साधे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.) गिरणगावातील इतर सर्व सांघिक संस्था अशा रीतीने मोडल्या किंवा मोडकळीला आल्या, उरले ते गणेशोत्सव मंडळ. आज चाळीतील शे-दोनशे तरुण एका हाकेसरशी जमवू शकेल, रात्रभर राबवू शकेल, आणि ज्याच्या तिजोरीत काही शिल्लक आहे, असे संघटन त्या वस्तीत दुसरे कोणते आहे? म्हणूनच आम्ही या मंडळांकडे चेष्टेने पाहत नाही, आणि वर्गणी व ध्वनिवर्धक यांपलीकडे त्यांच्यात ज्यांना काही दिसत नाही त्यांच्याशी आमचा मतभेद आहे.

मंडळांनी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. लालबागच्या मंडळाने डायलिसिस केंद्र चालवले, अभ्यासिका काढली. २०२० साली महामारीच्या काळात मूर्ती न बसवता ‘आरोग्योत्सव’ साजरा केला आणि रक्त व प्लाझ्मादानाची शिबिरे भरवली. त्या वर्षी आमच्या मते या मंडळाची शोभा कोणत्याही रोषणाईने वाढली नसती इतकी वाढली. प्रभादेवीच्या सिद्धिविनायक न्यासाने गरीब रुग्णांना दिलेली मदतही सर्वांच्या परिचयाची आहे. तथापि हे दान आहे. राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून आलेल्या रुग्णाला ते मिळते, मिळावेही; पण त्याने वस्ती उभी राहत नाही. दान घेणारा कृतज्ञ होतो आणि घरी जातो. वस्ती उभी राहण्यासाठी घेणारालाच उद्या कारभारी व्हावे लागते, आणि येथेच आपल्या देवस्थानांचे व मंडळांचे पाऊल अडते.

दुसरीही एक गोष्ट प्रांजळपणे बोलली पाहिजे. धर्माच्या नावाने माणसे जमवता येतात, तशीच ती भडकवताही येतात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या शहरातील गल्ल्यांनी ते पाहिले आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्या दिवसांची हकीकत छापील स्वरूपात आहे. जी गल्ली उत्सवासाठी एका रात्रीत कमान उभारते तीच गल्ली एका रात्रीत वैऱ्याची होऊ शकते, कारण दोन्हींमागचे संघटन एकच असते. तेव्हा धर्मसंस्थांनी वस्तीच्या विकासात पडावे असे म्हणणाराने, कोणत्या अटीवर पडावे, हेही सांगितले पाहिजे. ती अट आम्हाला आमच्याच शहरातील एका जुन्या घराच्या इतिहासात सापडते.

ते घर नागपाड्याचे. १८१३ साली मुंबईत आलेल्या आणि १८२४ मध्ये मराठी मुलींसाठी शाळा काढलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १९२६ च्या सुमारास नागपाड्यात ‘नेबरहुड हाऊस’ स्थापन केले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे प्रमुख. धर्मोपदेशक असूनही हे गृहस्थ उपदेश करण्यासाठी तेथे बसले नाहीत. लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री भागात सॅम्युएल बार्नेट या पाद्र्याने १८८४ साली टॉयन्बी हॉल उघडला आणि शिकलेल्या तरुणांना गरिबांच्या शेजारी राहावयास लावले. १८८९ मध्ये जेन ॲडम्स यांनी शिकागोत हल हाऊस काढले. नागपाड्याचे घर त्याच वंशातले. गरिबाकडे सेवक म्हणून जाऊ नका, शेजारी म्हणून राहा, हे त्या वंशाचे ब्रीद. नागपाड्यातील शेजार तरी कसा? मुसलमान मोहल्ले, मराठी बोलणारे बेने इस्रायल आणि बगदादी यहुदी, ख्रिस्ती, गिरण्यांतील हिंदू कामकरी, आणि हाकेच्या अंतरावर कामाठीपुऱ्याचा तो भाग, ज्याचे नाव पांढरपेशी घरांतून कुजबुजत घेतले जाते. अशा ठिकाणी या घराने आरोग्याचे, वाचनाचे, व्याख्यानांचे आणि खेळांचे काम सुरू केले, आणि ते करताना येणाराचा धर्म विचारला नाही. ख्रिस्ती मिशनच्या पैशावर चाललेल्या संस्थेच्या प्रमुखाने धर्मांतराचा हेतू बाजूला ठेवणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्याबद्दल स्वधर्मीयांचाही रोष पत्करावा लागतो. पण त्यामुळेच यहुदी आणि मुसलमान मुले एकाच पटांगणावर आली.

या घरातून पुढे एक मोठी गोष्ट निघाली. वस्तीत काम करावयाचे तर केवळ दयाबुद्धी पुरत नाही, शिक्षण लागते, हे मॅन्शार्ट यांनी ओळखले आणि ती कल्पना सर दोराबजी टाटा न्यासापुढे मांडली. पारशी दात्याचा पैसा, ख्रिस्ती धर्मोपदेशकाची योजना आणि मुसलमान-यहुदी मोहल्ल्यातील जागा, अशा संगमातून १९३६ साली नागपाड्यातच भारतातील समाजकार्याचे पहिले विद्यालय सुरू झाले. १९४४ मध्ये त्याला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली, १९६४ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संस्थेची कीर्ती वाढली याचा प्रत्येक मुंबईकराला अभिमान वाटावा. परंतु आम्हाला त्या प्रगतीची दुसरी बाजूही दिसते. विद्या देवनारला गेली आणि नागपाडा नागपाड्यातच राहिला. ज्या गल्लीने त्या विद्येला पहिले धडे दिले त्या गल्लीच्या इमारती आजही टेकूंवर उभ्या आहेत.

उलट बास्केटबॉल मात्र गेला नाही. मिशनरी मंडळींच्या संगतीने हा खेळ त्या मोहल्ल्यात रुजला. (मुळात हा खेळच १८९१ साली अमेरिकेतील ख्रिस्ती तरुणांच्या एका शिक्षणसंस्थेत जन्मला.) मिशनरी परतले, काळ बदलला, पण नागपाड्याची पोरे चेंडू टोलवीतच राहिली. तेथून आलेले गुलाम अब्बास मुन्तसीर भारताच्या संघाचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. एकाच उगमातून निघालेल्या दोन गोष्टींपैकी एक का निघून गेली आणि दुसरी का टिकली? आमचे उत्तर असे की, विद्यालय प्राध्यापकांच्या हाती होते आणि चेंडू मुलांच्या हाती होता. मैदानाची शिस्त, संघाची निवड, धाकट्यांना शिकवणे, सगळे मोहल्ल्याने आपलेसे केले. सेवा करणाराने जे आपल्याकडे ठेवले ते त्याच्याबरोबर गेले. जे वस्तीच्या हवाली केले ते वस्तीत राहिले.

पैशाच्या बाबतीतही हेच खरे आहे. त्याचे उदाहरण अमेरिकेतलेच, पण पुढल्या काळातले घेऊ. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागातील ब्राऊन्सव्हिल ही वस्ती १९७० नंतर इतकी उजाड झाली होती, की जळक्या इमारती पाडून मोकळ्या पडलेल्या जागांवर घर बांधण्यास एकही बिल्डर फिरकेना. १९८० नंतरच्या वर्षांत तेथील निरनिराळ्या पंथांची चर्चे एकत्र आली. रविवारी ज्यांची प्रार्थना एक नव्हती त्यांनी पैसा एकत्र केला. कॅथलिक, ल्यूथरन आदी पंथांच्या मोठ्या संस्थांकडून त्यांनी लक्षावधी डॉलर मिळवले. पण देणगी म्हणून नव्हे, बिनव्याजी फिरते भांडवल म्हणून. त्यातून घरे बांधावयाची, ती विकून आलेला पैसा पुढच्या घरांत घालावयाचा. नगरपालिकेकडून त्यांनी जागा मिळवली आणि प्रत्येक घरामागे साहाय्य मिळवले. साधी, एकास एक लागून घरे उठली आणि ती मध्यम व कनिष्ठ उत्पन्नाच्या कुटुंबांनी स्वतःच्या मालकीने घेतली. पुढे त्या संख्येने हजारांचा पल्ला ओलांडला. या योजनेला त्यांनी नेहेम्याचे नाव दिले. बायबलातला हा नेहेम्या जेरुसलेमची पडलेली तटबंदी उभारतो, आणि त्या कथेत प्रत्येक कुटुंब आपापल्या घरासमोरचा भिंतीचा तुकडा स्वतः बांधते. कथा जुनी असली तरी हिशेब पक्का आहे.

कोणी म्हणेल, ब्राऊन्सव्हिलला जमीन ओसाड होती, लालबागला ती सोन्याच्या मोलाची आहे. ही तुलना कशी चालेल? फरक आम्हाला मान्य आहे. तेथे कोणी बांधावयास येत नव्हते; येथे बांधणाऱ्यांची रीघ लागली आहे. पण म्हणूनच आपल्या वस्त्यांचे दुखणे अधिक अवघड आहे. उपकरप्राप्त इमारती, म्हाडाच्या चाळी, कामाठीपुऱ्याचे दहा-दहा फुटी गाळे, सर्वत्र पुनर्विकासाची भाषा चालू आहे. करारनामा इंग्रजीत असतो आणि शंभर पानांचा असतो. तो वाचून भाडेकरूंना समजावून सांगणारा, बिल्डरचा नोकर नसलेला वकील कोठे आहे? नकाशा तपासणारा स्वतंत्र वास्तुशास्त्रज्ञ कोठे आहे? संक्रमण शिबिरात गेलेले कुटुंब दहा वर्षांनी परत आले नाही तर त्याची चौकशी करणार कोण? आणि नशिबाने विसाव्या मजल्यावर घर मिळालेच, तर उद्वाहक, पाणी चढवण्याचा पंप, राखण यांचा दरमहाचा खर्च निवृत्त कामगाराच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून निघावयाचा कसा? तो निघत नाही, म्हणून घर विकले जाते आणि कुटुंब वसई-विरारच्या पलीकडे जाते. मग पुढच्या वर्षी गणपतीला ते लोकलने येते, पाहुण्यासारखे.

मंडळांनी कुंपणापलीकडे पाऊल टाकावे ते येथे. एका विभागातील मंडळे, देवळे, चर्चे, मशिदींच्या जमाती आणि बुद्धविहार यांनी मिळून विभागापुरता एक फिरता निधी करावा, त्यातून रहिवाशांच्या गृहनिर्माण संस्थांना स्वतंत्र वकील व वास्तुशास्त्रज्ञ मिळवून द्यावा, आणि नव्या इमारतीच्या पहिल्या काही वर्षांच्या खर्चासाठी गरजू कुटुंबांना बिनव्याजी कर्ज द्यावे, अशी आमची सूचना आहे. कर्ज म्हणताच काही जण कपाळाला आठ्या घालतील. गरीब माणूस कर्ज फेडत नाही, हा श्रीमंतांचा आवडता सिद्धांत आहे. तो खोटा ठरवण्यास याच गिरणगावातील खानावळवाल्या बायका पुरेशा आहेत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेच्या दारात नेले, आणि त्या बायकांनी पै-पैची परतफेड केली. प्रेमाताई डाव्या चळवळीतल्या. तरीही संस्थेला नाव दिले ते देवीचे. वस्तीत काम करणाऱ्याला वस्तीची भाषा कळावी लागते ती अशी.

अडचणी आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यासाचा पैसा उद्दिष्टाबाहेर खर्च करता येत नाही, म्हणून कित्येक मंडळांना आपली घटना दुरुस्त करून धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागेल. ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नाही. हा अंकुश असलाच पाहिजे. विश्वस्त पिढ्यानपिढ्या त्याच घरांतून येतात आणि निवडणुकीच्या हंगामात मांडवाच्या कमानीवर कोणाचे चित्र झळकते, ही खरी अडचण आहे. ज्या निधीच्या फलकावर उमेदवाराचे छायाचित्र आहे, त्या निधीकडे दुसऱ्या धर्माचा तर राहोच, दुसऱ्या पक्षाचा शेजारीही येणार नाही. आमची अट म्हणून एवढीच: मदत घेणाराचा धर्म, जात, पक्ष विचारला जाऊ नये, आणि निधीच्या कारभारात निम्मी माणसे अशी असावीत की जी त्या चाळींतून प्रत्यक्ष राहतात. त्यांत बायका असाव्यात, कारण घरातल्या पाण्याचा, भाड्याचा व शाळेच्या फीचा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.

शासनाला आणि महापालिकेलाही एक शब्द सांगावयाचा आहे. २०२५ साली गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा देण्यात आला. सन्मान झाला, आनंद आहे. पण देवस्थाने आणि मंडळे लोकांची कामे करू लागली, तर आपण हात झटकून मोकळे झालो असे कोणी समजू नये. गटार, पाणी, शाळा, दवाखाना ही पालिकेची कामे आहेत आणि त्यासाठी नागरिक कर भरतो. त्याने नवस करण्याचे कारण नाही. मंडळाने चाळकऱ्याच्या बरोबरीने पालिकेच्या दारात उभे राहावे, पालिकेच्या जागी उभे राहू नये.

लेखकाने पूर्वायुष्यात काही वर्षे शाळेत शिकवले आहे, म्हणून एक बारीकसा अनुभव येथे नोंदवतो. शालान्त परीक्षेला बसणारा चाळीतला मुलगा अभ्यास कोठे करतो, हे पाहण्यासाठी एकदा संध्याकाळी आम्ही हिंडलो. कोणी जिन्याच्या पायरीवर, कोणी गच्चीच्या दिव्याखाली, कोणी देवळाच्या ओट्यावर. जवळच एका मंडळाची खोली होती. तिच्यात ट्रॉफ्या होत्या, बाकेही होती. खोलीला कुलूप होते, आणि किल्ली कार्याध्यक्षांकडे. ते गावी गेले होते. आता ठिकठिकाणी अभ्यासिका झाल्या आहेत. तरीही कोणत्याही अभ्यासिकेविषयी ऐकले की आम्ही अजून तोच प्रश्न विचारतो, की रात्री नऊनंतर किल्ली कोणाकडे असते?

पुढच्या वर्षीच्या मूर्तीचे मुहूर्तपूजन होण्यापूर्वी मंडळांच्या वार्षिक सभा भरतील. त्या सभांत फार मोठे ठराव व्हावेत अशी आमची अपेक्षा नाही. मांडव जेथे उभा राहतो त्या जागी वर्षभर राहील असा एक काळा फळा लावावा. त्यावर किती जमले, किती मिरवणुकीत गेले, किती या विभागातील घरांवर खर्च झाले आणि पुढची बैठक कोणत्या दिवशी कोणत्या चाळीत आहे, एवढे खडूने लिहावे. ज्या मंडळाचा असा फळा प्रथम लागेल त्याचे छायाचित्र आम्ही याच पानावर, याच जागी छापू. दागिन्यांचे छायाचित्र त्या दिवशी आतल्या पानावर जाईल.